ट्रॉली रिकामी कोण करणार?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पारावर ट्रॅक्टरचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी ट्रॉलीवर येते. ट्रॅक्टर कुठला घ्यायचा हे कंपनीवाला, बँकवाला आणि घरातला कॉलेजात शिकणारा पोरगा मिळून ठरवतात. ट्रॉलीचं मात्र तसं नाही. ती शहाद्याच्या, दोंडाईचाच्या नाहीतर धुळे रस्त्यावरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यायची असते, त्यामुळे तिच्याबद्दल गावातल्या प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं. दोन चाकी की चार चाकी, जॅकची की साधी, फाळका मागे उघडणारा की बाजूलाही, पत्रा किती जाड, पाटे किती पानांचे, टायर नवे की ट्रकचे उतरवलेले. लग्न जमवताना एवढी चौकशी होत नाही.

हे सगळं लिहायला निमित्त झालं ते एका मावसभावाचं. तो टेक्सासला असतो, गावाबाहेर पाच एकर जागा घेतली आहे, आणि आता त्याला आपल्या पिकअपच्या मागे ओढायला 'डंप ट्रेलर' घ्यायचा आहे. म्हणजे आपली जॅकची ट्रॉलीच, फक्त ट्रॅक्टरऐवजी पिकअपला जोडलेली. आपल्याकडे पिकअप म्हटलं की मिरचीची पोती, बकऱ्या आणि बाजाराला निघालेली माणसं, सगळं तिच्याच पाठीवर. मागे काही जोडायची पद्धत नाही. त्यानं विचारलं, 'दादा, तुम्ही लोक ट्रॉली कशी निवडता?' उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की हा प्रश्न निदान पावणेदोनशे वर्षं जुना आहे. त्याचं उत्तर मागे मागे जात पार बैलाच्या मानेपर्यंत पोचतं.

तर मंडळी, सुरुवात तिथूनच.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांच्या हातात आला तेव्हा इथे माल वाहण्याचं मुख्य साधन गाडी नव्हतंच. लांबचा माल बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर जायचा. मीठ वर यायचं, धान्य आणि कापूस खाली जायचा. पाठीवरच्या गोणीला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. गाड्या होत्या, पण त्या काळच्या दख्खनमधल्या गाड्यांची वर्णनं वाचली तर हसू येतं. चाकं आऱ्यांची नाहीत, भरीव लाकडाची, कुठे कुठे तर दगडाची तबकडी! अशी गाडी ओढायला बैलांच्या बऱ्याच जोड्या लागत आणि ती परवडत असे फक्त मोठ्या घरांना.

बदल झाला तो आपल्या मुलखापासून बराच दूर, सोलापूरकडे. इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन मोजणी चालू होती. त्यांच्याच खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं बरेच प्रयोग करून एक हलकी, स्वस्त, आऱ्यांच्या चाकांची दोन चाकी गाडी तयार केली आणि ती बनवण्यासाठी टेंभुर्णीला कारखाना काढला. गाडी पसरली. आज आपण जिला 'परंपरागत बैलगाडी' म्हणून संमेलनाच्या मंडपाबाहेर हार घालून उभी करतो, तिच्या कुळात या साहेबाच्या कारखान्याचाही वाटा आहे. (हे वाक्य कुठल्याही ग्रामीण साहित्य संमेलनात म्हणू नये, हा मित्रत्वाचा सल्ला!)

पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध लागलं. १८६१ ते १८६५ तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाच्या पैशातून शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्या काळातल्या इंग्रजांनी लिहून ठेवल्या आहेत. खऱ्या किती कोण जाणे, पण पैसा आल्यावर माणसाला पहिली आठवण गाडीची झाली, एवढं त्यातून कळतं. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, आणि शतक संपता संपता तापीकाठानं सुरतेकडून येणारी लाईन नंदुरबारला पोचली. रेल्वे आली म्हणजे गाड्या गेल्या असं वाटतं, झालं उलटं. स्टेशनपर्यंत माल पोचवायला गाड्या वाढल्या. सुताराला काम, लोहाराला काम. आख धावड्याचा, तुंबा बाभळीचा, साटा सागाचा. धाव तापवायला गोवऱ्यांची वर्तुळाकार भट्टी, लालभडक लोखंड चाकावर बसवून वर पाणी ओतलं की उठणारा तो वाफेचा लोट. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको.

आता मुद्द्याची गोष्ट. ही दोन चाकी बैलगाडी म्हणजे मुळातच एक डंप ट्रेलर होती.

शेणखत वाहताना काय करायचे आठवा. साट्यावर बांबूच्या तट्ट्या लावायच्या, उकिरड्यावरून गाडी भरायची, शेतात न्यायची. तिथं बैल सोडायचे, मागची तट्टी काढायची, आणि जू धरून धुरा वर उचलायचा. गाडी उलाळली की अर्धं खत आपोआप खाली. राहिलेलं फावड्यानं ओढायचं. दोन माणसांचं काम, भारानं मदत केली तर एकाचंही. चाकं दोन, आख मधोमध, म्हणून हे जमायचं. चार चाकांची गाडी असती तर उलाळली नसती.

आणि याच गुणातून तिची खोडही यायची. भार मागे जास्त झाला तर गाडी चालता चालता उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरून वर उठायचं, गळ्याचे पट्टे ताणून बैलांना फास बसायचा. भार पुढे जास्त झाला तर सगळं ओझं मानेवर, खांदे सोलून निघायचे. गाडी भरणाऱ्या माणसाचं कसब यातच. थोडा भार मानेवर हवा, म्हणजे जू बसून राहतं आणि बैलाचा पाय जमिनीत रोवतो, पण थोडाच. माझे आजोबा, ज्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणायचं, ते गाडी भरून झाली की जुवाखाली स्वतःचा खांदा लावून बघायचे. काटा नाही, तराजू नाही, खांदा. एवढं बघितल्यावरच बैल जुंपायला सांगायचे.

मावसभावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'अरे, इथल्या पुस्तिकेत हेच लिहिलंय!' अमेरिकेतल्या ट्रेलरचा नियम असा, की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या हूकवर यायला हवं. त्याहून कमी पडलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि गाडीलाही ओढून नेतो. जास्त झालं की पिकअपचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग ऐकत नाही. म्हणजे उलाळ आणि मानेवर भार. तेच दोन दोष, फक्त बैलाला फास बसला की तो थांबतो आणि पिकअप थांबत नाही.

ट्रॅक्टरच्या जगात हे गणित नीट मांडलं ते आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं. त्याचा नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायचा आणि हायड्रॉलिकनं उचलायचा शोध १९२० च्या दशकातला. पण त्याच्या ट्रॉलीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ पासून कॉव्हेंट्रीला त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर बनायला लागला, आणि त्याच्या जोडीला तीन टनी दोन चाकी ट्रॉली. तिची चाकं बरीच मागे ठेवलेली असायची. मुद्दाम. मालाचा बराच भार ट्रॅक्टरच्या हूकवर, म्हणजे त्याच्या मागच्या चाकांवर पडावा, आणि हलका ट्रॅक्टर चिखलात न घसरता ओढत राहावा. आमच्या जिभाऊंनी जुवाखाली खांदा लावून जे बघितलं, तेच फर्ग्युसननं आख सरकवून साधलं. शिवाय ही ट्रॉली जॅकनं उलटी होणारीही मिळायची. ट्रॅक्टरचंच तेल, ट्रॅक्टरचाच पंप. लिव्हर ओढला की माल खाली.

आपल्याकडे ट्रॅक्टर बनायला लागले ते त्यानंतर. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशर, १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत एस्कॉर्ट्स, मद्रासला टॅफेचा मॅसी फर्ग्युसन, मुंबईला महिंद्राचा इंटरनॅशनल. १९७० च्या दशकात एचएमटी आणि स्वराज आले. त्याच दशकात शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तापीकाठच्या काळ्या जमिनीत ऊस वाढला, टायरगाड्या आल्या आणि ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉल्या दिसायला लागल्या.

ऊसाच्या ट्रॉलीला जॅक लागत नाही, हे मध्येच सांगून टाकतो. ती उघडी असते, खाली साखळ्या टाकून वर ऊस रचतात, आणि कारखान्याच्या यार्डात यंत्रानं साखळ्या उचलल्या की सगळी मोळी एकदम जाते. कारखान्याकडे यंत्र होतं, म्हणून तिथं उतरवण्याचा प्रश्न सुटला.

पण शेणखत, गाळ, माती, वाळू, मुरूम वाहणारी गावातली ट्रॉली? तिची गंमत बघा. बैलगाडीला उलाळता येत होतं, हिला येत नव्हतं! वजन टनावारी, दोन माणसांनी उचलायचा प्रश्नच नाही. इंग्लंडात जॅकची ट्रॉली केव्हाच निघाली होती, तिचं तंत्र काही अगम्य नव्हतं, आणि आपल्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक होतंच. तरी आमच्या भागात कित्येक वर्षं ट्रॉल्या बनल्या त्या साध्या. चार बाजूंनी पत्रा, मागे फाळका, आत फावडी घेऊन उभी राहणारी माणसं. ट्रॅक्टर आला आणि गाडी रिकामी करण्याच्या कलेत आपण एक पाऊल मागे गेलो.

हे असं का झालं याचा मी बराच विचार केला. पैसा हे एक कारण आहेच. जॅक, पाईप, जादा चॅनल म्हणजे खर्च. पण गावात त्या काळी ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता, तो तेवढ्या पैशासाठी अडणारा नव्हता. खरं कारण मला वाटतं ते असं, की ट्रॉली रिकामी करायला सालदार होता.

सालदार म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वर्षभराचा करार व्हायचा. ठरलेलं धान्य आणि ठरलेले पैसे यावर माणूस पुढच्या आखाजीपर्यंत बांधला जायचा. पहाटे गोठ्यापासून ते रात्री पाणी भरण्यापर्यंत जे काम पडेल ते त्याचं. आमच्या भागात सालदार बहुतेक भिल्ल आणि इतर आदिवासी, आणि कितीदा ज्या जमिनीवर तो राबायचा ती पूर्वी त्याच्याच आजाची असायची. अशा माणसाचा अर्धा दिवस ट्रॉली रिकामी करण्यात गेला तर मालकाच्या वहीत त्याचा वेगळा खर्च कुठेच पडत नव्हता. मग जॅक कशाला घ्यायचा? महायुद्धानंतरच्या इंग्लंडात शेतावर माणूस मिळत नव्हता म्हणून जॅकला गिऱ्हाईक होतं. आमच्याकडे माणूस सालानं बांधलेला होता.

याच शहाद्यात १९७१ मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकारानं आणि बाहेरून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या साथीनं चळवळ उभी राहिली, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात ही मोठी मागणी होतीच. पण तिच्या शेजारी सालदाराची मजुरी, त्याचे कामाचे तास, त्याची सुट्टी या मागण्याही होत्या. म्हणजे आठवड्यातला एक दिवस आपला असावा, इतकी साधी गोष्ट. अंबरसिंग १९७४ मध्ये ऐन तरुण वयात गेले. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल फार बोललं जात नसे. आम्ही ट्रॅक्टर असलेल्या बाजूचे होतो. पण तासांची मोजदाद सुरू झाली की फावड्याचीही किंमत कळायला लागते, हे मात्र मी आमच्याच खळ्यात ऐकलेल्या वाद-विवादांतून शिकलो.

ती वर्षं दुष्काळाचीही होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रस्त्यांची, बांधबंदिस्तीची, पाझर तलावांची कामं निघाली. लाखो माणसांनी घमेल्यांनी माती वाहिली, बायकांनी तर जास्तच. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. तेव्हा मातीकामात यंत्र न वापरणं हेच धोरण होतं, कारण काम देणं हा हेतू. एक घमेलं म्हणजे किती माती? दहा-बारा किलो धरा. ब्रासभर मातीला शेकडो खेपा.

मग २०१७ मध्ये राज्य सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली. त्या जुन्या तलावांत साठलेला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो स्वखर्चानं वाहून आपल्या शेतात टाकायचा. तलावात जेसीबी, काठावर ट्रॅक्टरची रांग, आणि रांगेत सगळ्या जॅकच्या ट्रॉल्या. साधी ट्रॉली घेऊन आलेल्याला जेसीबीवाला हसायचा, कारण ती रिकामी होऊन परत येईपर्यंत जॅकवाल्याच्या बऱ्याच फेऱ्या व्हायच्या. आईच्या डोक्यावरून घमेल्यानं बाहेर आलेली माती ज्या खड्ड्यातून निघाली, त्याच खड्ड्यातला गाळ मुलगा लिव्हर ओढून रिकामा करत होता. मधल्या पंचेचाळीस वर्षांत सालदारही संपत आला होता. त्याची पोरं ऊसतोडीला बारडोलीकडे, बांधकामाला सुरतेला. 'सालदार मिळत नाही' ही तक्रार मी आता दर आखाजीला ऐकतो, आणि तक्रार करणाऱ्याच्या अंगणात बहुधा नवी जॅकची ट्रॉली उभी असते. दोन गोष्टींचा संबंध त्याच्या लक्षात येत नाही असं नाही. बोलत नाही एवढंच.

असो. मावसभावाचा प्रश्न राहिलाच.

पहिलं, काय वाहणार ते ठरव, असं मी त्याला लिहिलं. आमच्याकडे माप ब्रासचं, म्हणजे शंभर घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. ब्रासभर कोरडी वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते. तेवढ्याच जागेत चांगलं कुजलेलं शेणखत त्याच्या निम्म्याहून कमी. नंदुरबारच्या मार्केटात येणारी ओली लाल मिरची अजून हलकी, आणि पथारीवर वाळून झाली की तर ट्रॉली डोंगरासारखी दिसते आणि ट्रॅक्टरला कळतही नाही. म्हणून ट्रॉलीचा आकार बघून भार ठरवणारा माणूस वाळूच्या वेळी फसतो. तिकडे सर्रास मिळणाऱ्या मोठ्या डंप ट्रेलरची मर्यादा भारासकट १४,००० पौंड, त्यातले चार हजाराच्या आसपास ट्रेलरचे स्वतःचे. उरले दहा हजार, म्हणजे साडेचार टन. म्हणजे बरोबर आमची एक ब्रास वाळू! टेक्सास असो की तळोदा, माणसाला एका खेपेत एक ब्रास आणावीशी वाटते. पण त्या १४,००० च्या दहा-पंधरा टक्के म्हणजे चौदाशे ते एकवीसशे पौंड पिकअपच्या हूकवर बसणार, आणि ते वजन पिकअपच्या स्वतःच्या पाठीवरच्या मर्यादेतून वजा होतं. त्याची पिकअप साधी, अर्ध्या टनाच्या वर्गातली. त्याला मी म्हटलं, ट्रेलर छोटा घे नाहीतर गाडी मोठी घे. बैल बघून गाडं घ्यावं.

दोन चाकी की चार चाकी यावर आमच्या गावात मारामाऱ्या झाल्या नाहीत एवढंच. चार चाकीचा भार ट्रॅक्टरवर येत नाही, लांबच्या डांबरी रस्त्याला ती बरी. पण रिव्हर्स घेताना दोन ठिकाणी वळते, आणि ती मागे घेताना भल्याभल्यांचा घाम निघतो. शेतात, चिखलात, गाळाला दोन चाकी. हूक मात्र खालीच लावायचा. उंच लावला आणि चढावर जोर दिला की ट्रॅक्टर पुढून उठतो, आणि मागे उलटला तर ड्रायव्हरला वेळ मिळत नाही.

जॅकचं काम दिसायला सोपं. तेलानं वर, स्वतःच्या वजनानं खाली. पण माल उलटायला लागला की आधी सगळा भार मागे सरकतो, हूक वर ओढला जातो. गाडी उलाळ होते, जुनाच दोष. ओला गाळ पुढच्या कोपऱ्यात चिकटून बसला आणि जमीन एका बाजूला कलती असली तर अख्खी ट्रॉली आडवी पडते. म्हणून सपाट जागा, वर बघून विजेच्या तारा नाहीत ना याची खात्री, आणि उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू दिल्याशिवाय कुणीही वाकायचं नाही. पाईप फुटला तर जॅक विचारून खाली येत नाही.

या सगळ्यात ज्या एका गोष्टीवर आमच्याकडे कुणी पैसे घालत नाही ती म्हणजे ब्रेक. अमेरिकेत या मापाच्या ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतात, पिकअपचा ब्रेक दाबला की मागचेही लागतात. आमच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. साडेचार टन वाळू आणि तिला थांबवणार फक्त पुढचा ट्रॅक्टर. सपाटीवर चालून जातं. पण तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट आहे, तोरणमाळला जाताना सातपायरी घाट. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटायला लागली की तो वळणावर आडवा होतो. आणि त्याच ट्रॉलीत लग्नाचं वऱ्हाड बसलेलं असतं, होळीला निघालेली माणसं असतात, मजूर असतात. कायद्यानं ट्रॉली माल वाहायला आहे, माणसं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण डोंगरातल्या पाड्यावर दुसरं वाहन वेळेवर येत नाही. ट्रॉलीला कायद्यानं ट्रॅक्टरपासून वेगळी नोंदणी लागते, मागे दिवे, रिफ्लेक्टर लागतात. गळिताच्या दिवसांत रात्री शहादा-प्रकाशा रस्त्यावर गाडी चालवा, मग समजेल किती ट्रॉल्यांना ते असतात.

मी आमच्या धाकट्या काकांना नवी ट्रॉली करताना ब्रेक लावून घ्या म्हणून बराच आग्रह केला. वर्कशॉपवाला म्हणाला, लावून देतो, पण अजून कुणी मागितले नाहीत. काका म्हणाले, 'जॅक लावला तेव्हा पण गावात पहिले आम्हीच होतो, तेव्हा सगळे हसत होते.' जॅकच्या वेळी त्यांना वाचवायचा होता तो मजुरीचा पैसा, हे ते कबूल करतात. त्या वेळी जिभाऊ हयात होते, खाटेवर बसून हिशेब ऐकत होते. ट्रॉलीची लांबी, पत्र्याची जाडी, टायर, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी अहिराणीत एवढंच विचारलं होतं, 'हाई समदं ठीक, पन रिकामी कोन करी?'

ब्रेकवाली ट्रॉली गेल्या पावसाळ्याआधी तयार झाली. मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी आहे, फाळक्याच्या दोन्ही बाजूंना दिवे आहेत, आणि हूकच्या पिनला सोबत एक साखळी आहे, पिन निसटली तरी ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून. साखळीचे पैसे वर्कशॉपवाल्यानं घेतले नाहीत. मावसभावाला मी तिचे फोटो पाठवले आहेत. त्याचा अजून बारा फुटी की चौदा फुटी यावर घरात खल चालू आहे.